पूर्ण भाषण मी ऐकलं होतं

२२ जानेवारी, गुरुवार

आज तेजूच्या कॉलेजात गेले. वक्तृत्व स्पर्धा होती, सूत्रसंचालन तेजूकडे होतं, म्हणून पालकांना बोलावलं होतं. ह्यांची अंबडला कंपनीत पहिली पाळी, तेव्हा मी एकटीच सिडकोतून बसनं गेले. दहावीनंतर कॉलेजात पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती. सभागृहाच्या दाराशी चपला कुठे काढायच्या ते शोधत उभी राहिले, तर तेजू लांबूनच हसली आणि खुणेनं म्हणाली, तशीच ये.

तिनं बजावलं होतं की माझं बोलणं आणि आलिमाचं भाषण दोन्ही फोनमध्ये घे. कॉलेजवाले फक्त फोटो काढणार होते. मी हात न हलवता घेतलं. पुढे एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते, ते सारखे मध्ये यायचे. ‘भाऊ, जरा डोकं बाजूला घ्या,’ असं दोनदा सांगावं लागलं.

आलिमा पहिली आली. अकरावीपासून ही पोर तेजूबरोबर आमच्याकडे अभ्यासाला येते. वडील लियाकतभाई वडाळ्याला खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. मराठी आमच्या तेजूपेक्षा चांगलं बोलते. विषय नदीचा होता. ती म्हणाली, ‘कोणी म्हणतं, ही नदी आता नुसती गटार आहे, हिच्यात पाय घालवत नाही. मला त्यांना विचारायचं आहे, आई अंथरुणाला खिळली, अंथरुणात घाण झाली, तर तुम्ही आईला घाण म्हणाल की तिचं अंथरूण बदलाल?’ सासूबाईंची आठवण झाली.

येताना दोघी घरी आल्या. तिळाच्या वड्या दिल्या. आलिमा म्हणाली, काकू, तुमच्या वड्या खाऊन दात पडला तर बक्षिसाचे पैसे दाताला जातील. तेजू हसून हसून जमिनीवर बसली. पाक जरा पुढे गेला होता हे खरं.

२४ जानेवारी, शनिवार

राज येऊन गेला. माझ्या दादाचा मुलगा, तेजूच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. कसल्याशा संघटनेत आहे, कपाळाला रोज मोठा टिळा. मला आवडतं. आजकालची मुलं देवाधर्माचं कुठे करतात?

थालीपीठ खाल्लं, लोणी मागून घेतलं. म्हणाला, आत्या, तेजूनं सूत्रसंचालन भारी केलं म्हणतात, मला बघायचंय. मी फोनच दिला. त्यानं सगळं आपल्या फोनवर घेतलं. बहिणीचं कौतुक आहे पोराला. तेजू आल्यावर सांगितलं तर तिनं तोंड वाकडं केलं. दोघांचं पटत नाही. कॉलेजात म्हणे कोण कोणाबरोबर चहा पितं त्यावरून माणसं ओळखतात आता. मी म्हटलं, चहा कोणाबरोबर का प्या, भाऊ तो भाऊ.

२९ जानेवारी, गुरुवार. एकादशी

भजन सखुताईंकडे झालं. आमच्या एकादशी मंडळात माझ्याखेरीज एक्केचाळीस जणी आहेत, आज पंचवीस आल्या होत्या. गवळण मला दिली होती. आवाज लागला.

मध्येच फोनवर राजचा निरोप आला. वर रामरायाचं फार सुंदर चित्र, खाली लिहिलेलं, ‘कुंभमेळ्याच्या तोंडावर गोदामाईचा अपमान, प्रत्येक भक्तानं हे पुढे पाठवावं.’ त्याखाली व्हिडिओ. नेट संपत आलं होतं आणि नवीन पॅक एक तारखेला मारायचा, म्हणून व्हिडिओ उघडला नाही. देवाचं चित्र असलेलं आपण थांबवत नाही. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मग माहेरच्या, सासरच्या, शेजारच्या मिळून बावीस जणींना वेगळं पाठवलं. वर लिहिलं, ‘जय श्रीराम. सर्वांनी बघा.’

३१ जानेवारी, शनिवार

फोन भरला म्हणून सारखी सूचना येत होती. गॅसचा नंबर लावायला गेले तर तेही होईना. तेजू कधीची म्हणते, कार्ड टाकून घे. चांगल्या चालत्या फोनवर पुन्हा खर्च कशाला?

दुपारी बसून साफसफाई केली. देवांची चित्रं हजाराच्या वर आहेत, रोज सकाळी येतात. ती काढायला हात होत नाही. केराच्या टोपलीचं चित्र येतं तिथे, त्यात देव कसा टाकायचा? तसबिरीची काच फुटली तरी आपण ती नदीला नेतो. मग कार्यक्रमाचे दोन मोठे व्हिडिओ होते ते काढले. राजकडे आहेतच. फोन एकदम हलका झाला.

२ फेब्रुवारी, सोमवार

तेजू अकरालाच घरी आली. दप्तर पाठीवर तसंच. कॉलेजच्या फाटकाशी घोषणा चालू होत्या, आलिमाचं नाव घेऊन. शुक्रवारीच तिच्या बाकावर कोणीतरी पेनानं लिहिलं होतं. काय लिहिलं ते तेजूनं मला सांगितलं नाही. आलिमानं ओढणी ओली करून पुसलं, इतकंच म्हणाली.

मग तिनं आपल्या फोनवर दाखवलं. आलिमा उभी आहे आणि म्हणते आहे, ‘ही नदी आता नुसती गटार आहे, हिच्यात पाय घालवत नाही.’ संपलं. तेवढंच परत परत. त्यावर लाल अक्षरं.

खरं लिहायचं तर बघताना क्षणभर मलाही राग आला. मी समोर बसून पूर्ण भाषण ऐकलं होतं, तरीही.

प्राचार्यांनी आलिमाला घरी बसायला सांगितलं आहे. तुझ्याच सुरक्षेसाठी, चौकशी होईपर्यंत. सोळा तारखेला प्रॅक्टिकल परीक्षा. चौकशी तोवर झाली नाही तर तिला बसता येणार नाही आणि वर्ष गेलं. वर्ष गेलं तर लियाकतभाई पुढे शिकवणार नाहीत, मालेगावचं एक स्थळ येऊन बसलंच आहे. हे सगळं तेजूनं एका दमात सांगितलं.

व्हिडिओत एका बाजूला टकलाचा तुकडा दिसतो. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी घेत असणार. सुरुवातीला एका बाईचा आवाजही आहे, ‘जरा डोकं’ एवढाच. माझ्यासारखा वाटला. पण फोनमध्ये सगळ्यांचेच आवाज सारखे येतात.

तेजू म्हणाली, आई, तुझ्याकडे पूर्ण आहे ना, तो दे, चौकशी समितीला दाखवते, एका मिनिटात मिटेल. मी म्हटलं, शोधते.

४ फेब्रुवारी, बुधवार

तेजूला सांगितलं होतं की गंगेवर दर्शनाला जाते. गेले पंचवटीत, माहेरी. दादा मार्केटला गेला होता, वहिनी कपडे वाळत घालत होती. राजला गच्चीवर गाठलं. म्हटलं, तो व्हिडिओ दे, माझ्याकडून गेला.

तो म्हणाला, माझ्याकडूनही उडाला. लहानपणी लाडू चोरल्यावर जसा भिंतीकडे बघायचा तसाच बघत होता. मग म्हणाला की त्यानं फक्त संघटनेतल्या समाधानला दिला, कापला त्यानं, मला काय माहीत तो काय करणार होता.

मी विचारलं, मग एकादशीला तोच मला पुढे पाठवायला का सांगितलंस?

तेव्हा तो म्हणाला, ‘आत्या, आवाज तुझाच आहे त्यात. व्हिडिओ तुझ्या फोनचा, पाठवणारी तू. चौकशी झाली तर पहिलं नाव तुझं निघेल. तू ह्यात पडू नकोस, गप्प राहा.’

प्रेमानंच म्हणाला. खाली येताना माझा हातही धरला, जिना अंधारा आहे म्हणून.

घाटावर गेले नाही. दर्शनाचं तेजूशी खोटं बोलले ते खोटंच राहिलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वडाळ्याला गेले. सांगून टाकायचं ठरवून गेले होते. जाताना केळी घेतली.

लियाकतभाईंचं दुकान बंद होतं. सिडकोतल्या दोन सोसायट्यांनी दिलेलं काम परत घेतलं म्हणे. जहिदाभाभींनी आत बसवलं. घर आमच्यासारखंच, दोन खोल्या. आलिमा आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. दाराखालून तिच्या पायांची सावली दिसत होती.

जहिदाभाभी म्हणाल्या, ‘आपा, तुमची तेजू रोज फोन करती है. आलिमाच्या चाळीस मैत्रिणी होत्या, एकच उरली.’

मी केळी दिली. चहा घेतला. कपाला कान नव्हता, तो त्यांनी स्वतः घेतला आणि चांगला मला दिला. एवढं मी बघितलं आणि तोंड उघडलंच नाही. परीक्षेचा अभ्यास चालू ठेवायला सांगा म्हणाले. मी. जिनं सगळं केलं ती.

बस येईना म्हणून चालत आले. मंडळातल्या एका बाईनं रस्त्यात गाठून विचारलं, वडाळ्याहून कशा काय? मी म्हटलं, जाळीचं काम होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आता दुसऱ्या बाजूच्या मुलांनी आलिमाच्या फोटोचं मोठं पोस्टर लावलं आहे. ‘आम्ही आलिमासोबत’ आणि त्याखाली पहिल्या बाजूला अशा शिव्या की वाचवत नाहीत. आलिमानं फोन करून सांगितलं, माझा फोटो काढून टाका. ते म्हणाले, आता प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. तेजू जाऊन भांडली, तर तिला भित्री म्हणाले. पहिल्या बाजूचे तिला आधीच गद्दार म्हणतात.

कॅन्टीनमध्ये एकटी बसतेस का, विचारलं. म्हणाली, कॅन्टीनमध्ये जातच नाही.

मंडळाच्या ग्रुपवर अजून त्याच व्हिडिओवर हात जोडलेली चित्रं येतात. सखुताईंनी लिहिलं, सुवर्णाताईंमुळे आपल्याला वेळेत कळलं. खाली अठरा जणींनी फुलं टाकली आहेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तेजूनं आज सरळ विचारलं, आई, व्हिडिओ सापडत नाही की द्यायचा नाही? पोळ्या लाटत होते. तवा उतरवला आणि सगळं सांगितलं. राजनं घेतला ते, मी उघडून न बघता पुढे पाठवला ते, काढून टाकला तेही.

तिनं विचारलं, ‘जागा करायला तुला तेवढाच सापडला?’

मी म्हटलं, बाकी सगळे देव होते.

तिनं माझा फोन घेतला, बराच वेळ काहीतरी करून पाहिलं. व्हिडिओ परत आला नाही. फोन ओट्यावर ठेवून आत गेली आणि कडी लावली. आमच्या घरात आतून कडी कोणी लावत नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, झालं ते झालं, पोरीचं वाईट वाटतं, पण राजही आपलाच आहे, त्याचं शेवटचं वर्ष आहे. बोलताना वर्तमानपत्र खाली केलं नाही.

राजनं घरी सांगितलं असावं, कारण दादाचा फोन आला. आम्ही दोघंच भावंडं. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे दादा. तो ओरडला नाही. म्हणाला, ‘सुवर्णा, तू तिकडे जाऊन माझ्या पोराचं नाव घेतलंस तर भाऊबीजेला येऊ नकोस. मी दार उघडणार नाही.’

मी म्हटलं, दादा, त्या पोरीचं वर्ष जातंय. तो म्हणाला, ती तुझी कोण?

ह्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. आता लिहितानाही नीट येत नाही. माझ्या घरी बसून अभ्यास करणारी मुलगी. त्याला नात्याचं नाव नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोथी वाचायला बसले. तीन वेळा एकच ओवी वाचली. उठले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी समितीची आज शेवटची बैठक होती. ह्यांना सांगितलं, मी जाणार. म्हणाले, बघ बाई. तेजू माझ्या आधीच निघून गेली होती. बंद दाराबाहेर बाकावर बसलेली दिसली. तिनं मला पाहिलं, सरकून जागा केली.

आत तिघं होते, दोन सर आणि एक मॅडम. मी उभीच राहिले, मॅडमनी दोनदा बसा म्हटल्यावर बसले. कागदपत्र आहे का विचारलं. म्हटलं, नाही. व्हिडिओ आहे का? नाही, मीच काढून टाकला. मोठे सर जरा वैतागले. मग तुमच्याकडे आहे काय, म्हणाले.

मी म्हटलं, पूर्ण भाषण मी ऐकलं होतं.

आणि म्हणून दाखवलं. गटारापासून अंथरुणापर्यंत. घाबरत होते, पण एकदा सुरू झाल्यावर अडले नाही. मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, ताई, तीन आठवड्यांपूर्वीचं तुम्हाला शब्दन्‌शब्द कसं आठवतं?

‘सासूबाई चार वर्षं अंथरुणात होत्या,’ मी म्हटलं. ‘मीच करायचे सगळं.’

मग मॅडमनी विचारलं, व्हिडिओ तुम्ही कोणाला दिला होता? दाराला वरती काच आहे, ती उघडी होती. बाहेर तेजू ऐकत असणार.

म्हटलं, माझ्या भाच्याला. राजला.

निरोप मी पुढे पाठवला हे त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. ग्रुपवर एक्केचाळीस आणि वेगळ्या बावीस. मोठे सर म्हणाले, हे सगळं लिहून द्याल का? दिलं. माझ्या हातानं, दोन पानं. खाली सही केली आणि ‘दहावी पास’ लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती असं मॅडम नंतर म्हणाल्या.

बाहेर आले तर बाकावर तेजू नव्हती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. एकादशी

आलिमाला परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. कॉलेजनं सूचना फलकावर चार ओळी लावल्या, अर्धवट व्हिडिओमुळे गैरसमज झाल्याच्या. राज आणि समाधान दोघांना महिनाभर कॉलेजात यायची बंदी. परीक्षा मात्र देता येईल. दादाचा फोन आला नाही. येणारही नाही.

भजन कोणाकडे आहे ते कळलं नाही. ग्रुप उघडला तर त्यात मी नाही. सखुताईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, काही दिवस जाऊ द्या सुवर्णाताई, बायका नाराज आहेत, आपल्या असून आपल्यावरच उलटलात म्हणतात.

दुपारी बसून सगळ्यांचे नंबर काढले. ग्रुपमधून काढलं तरी नंबर माझ्याकडे आहेत. एकेकीला वेगळं लिहिलं, ‘मी २९ तारखेला पाठवलेला व्हिडिओ अर्धा होता. पूर्ण भाषणात त्या मुलीनं नदीला आई म्हटलं आहे. मी स्वतः ऐकलं आहे. चूक माझी आहे.’ वर देवाचं चित्र लावलं नाही. त्रेसष्ट जणींना पाठवायला चार वाजले. बघितल्याच्या निळ्या खुणा बऱ्याच आल्या. उत्तर एकीचं आलं, दिंडोरीच्या नणंदेचं. तिनं विचारलं, कुठली मुलगी?

संध्याकाळी देवापुढे एकटीनंच भजन म्हटलं. टाळ वाजवायला कोणी नसलं की लय धावते.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

उपास. तेजूला साबुदाण्याची खिचडी वाढली. ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. मंगळवारपासून बोललेली नाही. रागावून काही म्हणत नाही, भांडी घासते, दूध आणते. मी एक काम संपवून त्या खोलीत जाईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत असते. दोन खोल्यांच्या घरात हे कसं जमवते, नवल वाटतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल आलिमाची परीक्षा झाली. तेजूचीही तीच होती. घरी आल्यावर विचारलं, कशी गेली, तर मान हलवली.

आज दुपारी जहिदाभाभींचा फोन आला. पेपर चांगला गेला, आपा, तुम्ही लिहून दिलंत म्हणून झालं. मग म्हणाल्या, आलिमा आता तुमच्याकडे यायची नाही, बुरा मत मानना. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. लियाकतभाईंनी दुकान उघडलं का विचारलं. उघडलंय, म्हणाल्या, काम अजून नाही.

मग त्यांनीच सांगितलं की प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये आलिमाशी कोणी बोललं नाही. मी म्हटलं, तेजू होती ना. त्या म्हणाल्या, तेजूशीही कोणी बोललं नाही. दोघी शेवटच्या टेबलावर होत्या. हे मला तेजूनं सांगितलं नव्हतं. आठवडाभर ती कॉलेज सुटल्यावर वडाळ्यालाच जाते, तिथेच दुपारचं जेवते, हेही आज कळलं.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, तिथे बोलते का ती?

जहिदाभाभी हसल्या. ‘बहुत बोलती है, आपा. चूप ही नहीं होती.’

मी म्हटलं, बरं झालं.